कुसळेवाडीच्या पाण्याची ओटी

माझी नात शिरवळला एका कंपनीत नोकरी करते. सुट्टीला साताऱ्यात आली, की जेवताना एकदा तरी विचारतेच, "आजी, पणजोबा खरंच आमदार होते ना? मग आपला पेट्रोल पंप कुठाय?" मी सांगते, पंप एक मिळाला होता, पण तो पाण्याचा, आणि आमच्या नावावर नव्हता. तिला वाटतं आजीला वयानं काहीतरी होतंय. शेजारी राहतात ते निवृत्त सुभेदार मात्र गालात हसतात, कारण त्यांनी ही हकीकत माझ्याकडून बऱ्याचदा ऐकली आहे आणि दर वेळी ती थोडी वाढते असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकावी, म्हणजे वाढायची थांबेल.

आमचे वडील, म्हणजे तात्या, पलटणीतून हवालदार होऊन आटपाडीला परत आले. पलटणीत त्यांच्याकडं नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवायचं काम होतं. त्यामुळं शरीरानं जेमतेम असलेल्या ह्या माणसाचा आवाज असा तयार झाला होता, की बाजाराच्या एका टोकाला उभं राहून त्यांनी मेंढीचा भाव विचारला, तर दुसऱ्या टोकाचा धनगर उत्तर द्यायचा. ह्या आवाजानंच त्यांना राजकारणात नेलं. पक्षाचे एक मोठे पुढारी सभेला आले होते आणि ऐन भाषणात कर्णा बंद पडला. पुढाऱ्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं जाईना. तेव्हा कुणीतरी तात्यांना शेजारी उभं केलं. पुढाऱ्यांनी हळू एक वाक्य बोलायचं, तात्यांनी तेच मोठ्यानं सगळ्या मैदानाला ऐकवायचं. पहिली काही वाक्यं नीट गेली. मग तात्यांना ती फारच पुस्तकी वाटायला लागली, म्हणून ते ती आपल्या भाषेत फिरवून सांगू लागले. आणि शेवटी शेवटी तर पुढारी काहीतरी धोरणाबद्दल बोलत होते आणि तात्या रस्ता कधी करताय ते विचारत होते. टाळ्या तात्यांनाच पडल्या. पुढाऱ्यांना वाटलं त्या आपल्याच आहेत. जाताना ते खूश होऊन म्हणाले, "हा मोठ्यानं बोलणारा माणूस कोण?" पुढच्या निवडणुकीला तात्यांना तिकीट मिळालं आणि ते निवडून आले. त्यानंतरच्यालाही आले.

आमदार झाल्यावरही घर तेच राहिलं, मातीच्या धाब्याचं, दोन खोल्या आणि पुढं एक लांब ओटा. सकाळी जाग यायची ती त्या ओट्यावरच्या खोकण्यानं. दहिवडीकडचे, खरसुंडीकडचे, कुठून कुठून चालत आलेले लोक उजाडायच्या आधी येऊन बसलेले असायचे. कुणाची बदली, कुणाचा बांध, कुणाचा म्हातारा दवाखान्यात. तात्यांचा एक दोष होता, त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. समोरच्यानं काहीही मागितलं, की ते मान हलवून म्हणत, "करू की." मग आतल्या खोलीत आई कपाळाला हात लावायची.

आईनं ह्यावर आपला उपाय काढला होता. आमच्याकडं येईल त्याला वाटीभर माडगं मिळायचं. भाजलेल्या हुलग्यांचं पीठ पाण्यात रटरट शिजवून केलेलं ते पातळसर पेय पोटाला धरून राहायचं. आई दाराआडून माणसाचं गाऱ्हाणं ऐकायची. काम खरं वाटलं तर वाटीत गूळ पडायचा. माणूस थापा मारतोय असं वाटलं तर मीठ, आणि तेही सढळ हातानं. तात्या समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसायचे. पहिल्याच घोटाला त्याचे डोळे बारीक झाले, की तात्या समजायचे आणि म्हणायचे, "बघू, चवकशी करतो." मला वाटतं, तालुक्यात इतका स्वस्त आणि इतका खरा तपास दुसऱ्या कुणी केला नसेल.

मुंबईला विधानसभेत मात्र तात्यांचं काही जमत नव्हतं. तिथली छापील मराठी ऐकली की त्यांची जीभ जड व्हायची. दर अधिवेशनाहून आले की आई पाय धुवायला पाणी देता देता विचारायची, "आवं, बोललासा का औंदा?" आणि ते म्हणायचे, "संधी न्हाई मिळाली." एकदाच मिळाली. सभागृहात भयंकर गोंधळ चालला होता, सगळेच एकदम उठून ओरडत होते, अध्यक्षांचं कुणी ऐकेना. तात्यांच्या आतला हवालदार जागा झाला आणि त्यांनी बाकावर उभं राहून अशी 'साऽवधान!' ठोकली, की सगळं सभागृह गप्प झालं. मग अध्यक्षांनी त्या शांततेचा उपयोग तात्यांनाच समज देण्यासाठी केला. तात्यांनी माफी मागितली. घरी येऊन म्हणाले, "बोललो." आईनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. काय बोललात, हे तिनं जेवण झाल्यावर विचारलं.

आता कुसळेवाडीकडं यायला हवं. हे आईचं माहेर. उन्हाळ्यात तिथल्या बायका पहाटे ओढ्याच्या पात्रात खड्डा खणायच्या आणि झिरपून आलेलं पाणी वाटीनं घागरीत भरत बसायच्या. तात्यांनी पहिल्याच निवडणुकीत तिथं नळ आणायचं कबूल केलं होतं. दुसऱ्या खेपेला योजना मंजूर झाली. ओढ्याकाठी विहीर पडली, पाइप टाकले गेले, शाळेसमोर चबुतरा बांधून त्याला पितळेचा एक सुंदर नळ बसला. फक्त विहिरीवरचा पंप आला नाही. तो आज येतो, उद्या येतो, असं होता होता निवडणूक जवळ आली आणि एक दिवस निरोप आला, की पाणीपुरवठ्याचे मंत्री स्वतः उद्घाटनाला येणार.

त्या वेळी मी सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते. सांगलीत मी सायकल शिकले होते आणि ती घेऊनच आले होते. आमदाराची पोरगी सायकलवरनं हिंडतीया, हे बघायला आटपाडीत लोक दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहायचे. अशाच एका दुपारी मी सायकल भिंतीला लावत होते, तेव्हा ओट्यावर बापूसाहेब बसलेले दिसले. हे पक्षाचे तालुक्याचे अध्यक्ष, पांढरे स्वच्छ कपडे, दाढीला अत्तर. तात्यांच्या जागेवर त्यांचा डोळा आहे हे तात्या सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"पंप काय येत न्हाई एवढ्यात," बापूसाहेब सांगत होते. "पण नळ फिरवला की पाणी पडलं पायजे. रस्त्याच्या कामावरचा टँकर आणतो. शाळंमागच्या चढावर लावायचा, रबरी नळी जोडायची. मंत्री काय पाइपात डोस्कं घालून बघणार हाय?"

तात्या बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग नेहमीचा शब्द आला. "करू की."

आतून वाटी आली. बापूसाहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि काम आटोपल्यासारखे घाईनं उठून गेले.

ते गेल्यावर आई बाहेर आली. तात्या बुटांना पॉलिश करत बसले होते, पलटणीतली सवय.

"आवं, त्या सोंगाला माझंच माहेर घावलं व्हय?"

"अगं, घडीभराचा परसंग. मंत्री खूश झालं की पंपबी येतोय आन् तिकीटबी."

"आन् दुसऱ्या दिशी वयनी घागर घिऊन नळाम्होरं जाईल तवा? त्यो काय दील तिला, वारा?"

तात्यांनी दुसरा बूट पुढं ओढला. मग आईचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ झाला की आम्हा भावंडांना घरातून पळून जावंसं वाटायचं.

"बरं, तुमचं ठरलंय तर मी कशाला आडवी येऊ? पण नवं पाणी गावात येतंय, त्याची ओटी भराय नको? बायकांचं मी बघते."

तात्यांचा ब्रश बुटावर थांबला. त्यांनी आईकडं बघितलं. "भरा की ओटी," म्हणाले. "त्यात काय वाईट हाय?"

दुसऱ्या दिवसापासून माझी सायकल कामाला लागली. कुंकवाचा करंडा पिशवीत घालून मी कुसळेवाडी आणि तिच्या भोवतालच्या वस्त्या पालथ्या घातल्या. आईनं मला काय सांगायचं ते पाठ करून दिलं होतं. नव्या नळाचं पहिलं पाणी घरी न्यायचं, त्यानं देवांना अंघोळ घालायची, आणि येताना घरातलं सगळ्यात मोठं भांडं आणायचं. छोटा तांब्या आणला तर देव काय म्हणतील? ह्यातलं एकही शास्त्र कुठं सांगितलेलं नाही. आईनं ते चुलीपुढं बसून रचलं होतं. खरी गोष्ट फक्त तानूमामीला माहीत होती, आईच्या भावाच्या बायकोला. मामीनं ती ऐकली, तोंडाला पदर लावला आणि जात्यावर डोकं टेकून हसत राहिली.

उद्घाटनाच्या दिवशी कुसळेवाडी मी आधी कधी बघितली नव्हती अशी दिसत होती. आंब्याची तोरणं, पताका, मांडव, कर्णा. पहिल्या रांगेत पेन्शनीतले फौजी, छातीला पदकं लावून. आणि शाळेच्या कोपऱ्यापासून पार वेशीबाहेरच्या बाभळीपर्यंत बायका. हंडे, घागरी, कळश्या, धुण्याच्या बादल्या, एकीनं तर लग्नातलं भाताचं पातेलं आणलं होतं. बापूसाहेबांनी ती रांग बघितली आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मंत्री मात्र हरखून गेले. "केवढा हा मातृशक्तीचा उत्साह!" ते म्हणाले.

त्यांनी फीत कापली, नळ फिरवला. पाणी आलं, आणि काय जोरात आलं! टाळ्या पडल्या, हलगी वाजली. मंत्री ओंजळभर पाणी प्यायले आणि डोळे मिटून "अमृत" म्हणाले. आईनं चबुतऱ्याला हळदकुंकू लावलं, खण-नारळ ठेवला, आणि वळून गोड आवाजात म्हणाली, "भरा गं बायांनो, लाजू नका."

मंत्री भाषणाला उभे राहिले. त्यांच्या पाठीमागं घागरी भरत होत्या. कुसळेवाडीच्या लेकीबाळींना आता कधीच पाण्यासाठी वणवण करावी लागणार नाही, असं ते सांगत होते आणि मागं एक हंडा उचलला जात होता, दुसरा खाली ठेवला जात होता. कुणी घाई करत नव्हतं. बापूसाहेब दोनदा चबुतऱ्यापाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "बास करा आता, बास करा." मामी म्हणाली, "आवं, देवाचं काम हाय. मधीच कसं बास करायचं?" आणि तिनं ते भाताचं पातेलं नळाखाली सरकवलं.

पातेलं निम्मं भरलं असेल. नळाची धार आधी बारीक झाली, मग तिला ठसका लागला, मग आतून 'फुर्रर्र' असा आवाज आला, आणि शेवटचा थेंब पातेल्यात टपकला. मंत्री नेमके म्हणाले होते, "हा झरा आता अखंड वाहत राहील." कुणीतरी फिस्सकन हसलं. एवढ्यात शाळेमागून टँकरचा ड्रायव्हर रबरी नळी खांद्यावर टाकून आला. सरळसाधा माणूस होता बिचारा. त्याला सभा कसली चाललीय ह्याचं काही घेणंदेणं नव्हतं. तो मांडवातून थेट पुढं आला आणि त्यानं माइकच्या शेजारी उभ्या असलेल्या बापूसाहेबांना विचारलं, "बापूसाहेब, टँकर झाला रिकामा. दुसरी खेप मारू का?"

कर्ण्यातून ते सगळ्या गावानं ऐकलं. वेशीबाहेरच्या बाभळीपर्यंत ऐकलं.

पहिल्यांदा बायका हसल्या. मग पुरुषांतून एक आवाज आला, "फसवलं आमाला!" आणि मांडवात एकदम उठाउठ झाली. खुर्च्या कलंडल्या. काही पोरांनी ओढ्यातले गोटे उचललेले मी स्वतः पाहिले. आईचाही चेहरा उतरला. तिला गंमत करायची होती, कुणाचं डोकं फोडायचं नव्हतं. बापूसाहेब माइकमध्ये "किरकोळ बिघाड, किरकोळ बिघाड" ओरडत होते आणि ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

तेव्हा तात्या उठले. माइक त्यांनी हातानं बाजूला केला. "साऽवधान!"

पहिल्या रांगेतले फौजी ताडकन उभे राहिले. मंत्र्यांच्या बंदोबस्ताला आलेल्या पोलिसानं टाचा जुळवल्या. एक-दोन शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या. गोटे उचललेल्या पोरांचे हात आपोआप खाली आले.

"मंडळी," तात्या म्हणाले, "हे पाणी नळाचं न्हाई. टँकरचं हाय. हिरीवर पंपच न्हाई. हे मला ठाव हुतं, आन् तरी म्या हो म्हटलं. मंत्रीसाहेबांना ह्यातलं काय ठाव न्हाई. दगूड मारायचा आसंल तर मला मारा."

कुणीच काही मारलं नाही. तात्या मग मंत्र्यांकडं वळले. "साहेब, आता आलायसाच, तर हीर बघूनच जावा."

नाही म्हणायची सोयच नव्हती. मंत्री निघाले. पायात चकचकीत बूट, वाट ओढ्याची, ऊन मी म्हणत होतं. पुढं तात्या आणि मंत्री, मागं सगळं गाव, आणि गावामागं डोक्यावर भरलेले हंडे घेतलेल्या बायका. काठावर उभं राहून मंत्र्यांनी आत बघितलं. विहिरीला पाणी होतं, चांगलं पुरुषभर, फक्त वर यायला त्याला काही साधन नव्हतं. मी जवळच होते, त्यामुळं पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

"हवालदार," मंत्री हळू आवाजात म्हणाले, "आज तुम्ही माझं नाक कापलंत."

"साहेब, माझंबी गेलंच की त्यात. आता पंप तेवढा द्या."

मंत्र्यांनी रुमालानं मान पुसली आणि ते परत विहिरीत वाकून बघू लागले. माणूस धूर्त असेल, पण वाईट नव्हता. पावसाळा लागायच्या आत पंप आला आणि कुसळेवाडीच्या नळाला खरं पाणी सुटलं. तात्यांचं तिकीट मात्र कापलं गेलं. ते बापूसाहेबांना मिळालं. दुसऱ्यांदा उद्घाटन झालं तेही बापूसाहेबांच्याच हातून, आणि चबुतऱ्यावर पाटी लागली तीही त्यांच्याच नावाची.

तात्या अपक्ष उभे राहिले. प्रचाराला कर्णा नव्हताच, त्यांना लागतही नव्हता. गावोगाव लोक त्यांना बघून हसायचे, टँकरची गोष्ट पुन्हा सांगायला लावायचे, शेंगा आणि गूळ द्यायचे, आणि मत कुणाला देणार ते सांगायचे नाहीत. मतदानाआधी तानूमामी घरी आली. ती कुणाला घाबरणारी नव्हती, जे असेल ते तोंडावर. "दाजी, राग मानू नगा," ती म्हणाली. "पाणी आता आलंय. उद्या पंप बिघडला तर दुरुस्तीला सत्तंतला माणूस लागंल. आमच्या वाडीनं बापूसाहेबांचं ठरवलंय." तात्या म्हणाले, "बरोबर हाय वयनी. मीबी तिथं राहत आसतो तर हेच केलं आसतं." मला इतका राग आला होता, की मी तिच्या पाया पडायलाही बाहेर गेले नाही. आज वाटतं, त्या सगळ्या निवडणुकीत शहाणपणाचं बोलणारी ती एकटीच होती.

मतमोजणी सांगलीला झाली. मी कॉलेज बुडवून तात्यांबरोबर थांबले. बापूसाहेबांच्या अंगावर गुलाल पडायला लागला तसे तात्या उठले, त्यांना हार घातला आणि मला म्हणाले, "चल विमल, येष्टी चुकंल." प्रचाराची जीप उसनी होती, ती दुपारीच परत गेली होती. खिडकीशी बसून तात्या वाटभर दुसऱ्यांची पिकं बघत होते. कुणाची ज्वारी कशी आलीय ते मला सांगत होते.

आटपाडीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. ओटा रिकामा होता. तात्या आमदार झाल्यापासून मी पहिल्यांदा तो रिकामा बघितला. आईनं पाय धुवायला पाणी दिलं.

"पडलासा?"

"पडलो."

"लय?"

"बऱ्यापैकी."

तिनं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खरडा. तात्या जेवायला बसले. आई समोर तव्यावर भाकरी टाकत होती, आणि तव्याकडं बघतच म्हणाली, "माझ्यामुळं तुमचं गेलं." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

तात्यांनी घास चावून गिळला. "तुझ्यामुळं कसं? बापूसाहेब दोन टँकर लावू म्हणत हुता. एक संपला की दुसरा. म्याच म्हटलं, कशाला, एक बास झाला."

आईचा हात तव्यावरच थांबला. "कवा म्हटलासा?"

"तू ओटीचं काढलंस न्हवं, त्याच सांजेला."

भाकरी करपल्याचा वास यायला लागला. आई तशीच बघत राहिली. "आन् मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू तरी मला कुठं सांगितलंस?"

आधी आईच्या नाकातून एक आवाज आला. मग तात्यांना ठसका लागला. आणि मग ती दोघं अशी हसायला लागली, की चुलीपुढं बसवेना. आई भिंतीला टेकली, तात्यांनी ताट बाजूला सरकवलं, डोळे पुसले, परत एकमेकांकडं बघितलं आणि परत सुरू झाली. तात्यांचं हसणं म्हणजे त्यांच्याच आवाजातलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असणार. कारण थोड्याच वेळात शेजारचे शिवाकाका धापा टाकत दारात हजर झाले, हातात गुलालाचं ताट.

"आवं तात्या, फेरमोजणी झाली काय? आलासा न्हवं निवडून?"

तात्यांनी ताटातला चिमूटभर गुलाल उचलला आणि आईच्या कपाळाला लावला. "मी न्हाई," म्हणाले. "ह्या आल्या."

शिवाकाका एकदा तात्यांकडं, एकदा आईकडं बघत तिथंच उभे राहिले. आईनं पदरानं कपाळ पुसलं, थोडं पुसलं गेलं, थोडं तसंच राहिलं. "बसा भावजी," ती त्यांना म्हणाली, "भाकरी गार हुतीय," आणि त्यांच्यापुढं पाट सरकवला.